कालिंदा हसली

पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला हसवू नये, खोकू देऊ नये आणि त्याच्या आसपास फोडणी टाकू नये, एवढं वैद्यक ताराबाईला येत होतं. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तरुणपणी तिचंच पोट एकदा उघडलं होतं. भूल उतरली तसा तिनं असा टाहो फोडला, की नवरा दवाखान्याबाहेर जाऊन कडुलिंबाखाली बसला आणि तिचा आवाज बसेपर्यंत आत आलाच नाही. पदर दातांत धरून धरून तिनं लुगड्याला भोकं पाडली होती. पुढं ते लुगडं फाटलं, त्याची वाकळ झाली, वाकळही विरून गेली. ती कळ मात्र ताराबाईच्या अंगात कुठंतरी घडी घालून ठेवल्यासारखी शाबूत होती.

म्हणून वडवणीच्या दवाखान्यात तिच्या लेकीला, कालिंदाला, टेबलावर घ्यायच्या आधी भुलीचे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "मावशी, एक विचारायचं होतं," तेव्हा ताराबाई बाकावरून उठलीच.

डॉक्टरांचं नाव जावेद. धारूरचे. बाप मोटारसायकली दुरुस्त करायचा. लेक आता तशाच एका मोटारसायकलीच्या टाकीवर भुलीची पिशवी ठेवून या गावचं ऑपरेशन उरकून त्या गावच्या ऑपरेशनला जायचा. अंगानं किरकोळ, बोलायला मऊ.

"कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करणारच आहे," ते म्हणाले. "पण ते दुपार कलली की उतरतं आणि कळा सुरू होतात. मी शेवटी पोटाच्या दोन्ही अंगांना एकेक इंजेक्शन देतो. कळ नेणाऱ्या नसा असतात ना, त्या झोपवतो. मग उद्या उजाडेपर्यंत दुखायचं नाही. देऊ का?"

"झोपलेल्या नसा परत उठत्यात ना?"

"उठतात की."

"न्हाई, एखादी झोपली ती झोपलीच, आसं नको व्हायला."

"नाही मावशी. सगळ्या उठतात." डॉक्टरांना हसू आलं. "मशीनवर बघून देतात खरं म्हणजे. पण सोनोग्राफीचं मशीन त्याच्या खोलीतून हलवायला बंदी आहे. म्हणून मी हाताच्या अंदाजानं देतो. सुई आत जाताना दोनदा बारीकसा टच लागतो. दुसरा लागला की जागा बरोबर."

हे मात्र ताराबाईला लगेच समजलं. वाकळ शिवताना सुई एकेका पदरातून पार होते, ते डोळ्यांना नाही, बोटालाच कळतं.

बाकावर कालिंदाची सासू, सत्यभामा, गुडघे चोळत बसली होती. ती म्हणाली, "आमच्या टायमाला कुटं व्हत्या असल्या सुया? बाईच्या जातीला देवानं कळ दिलीच हाय सोसायला."

"इहीणबाई, तुमाला दिली आसंल तर तुमी सोसा," ताराबाई म्हणाली. "डॉक्टरसाहेब, माझ्या लेकीला सुई द्या. दोन्ही अंगाला द्या. हात राखून देऊ नका."

कालिंदाचं दुखणं तसं जुनंच. आरोहीच्या वेळी सिझर झालं होतं आणि ते टाके नीट वाळायच्या आतच ती ऊसतोडीला गेली होती. वरची कातडी जुळली, आतली भिंत जुळली नाही. हळूहळू बेंबीखाली एक फुगवटा आला. मोळी उचलताना तो बाहेर यायचा, रात्री निजलं की आत जायचा. कालिंदा त्यावर फडकं आवळून बांधायची आणि कोयता चालवायची. गेल्या हंगामात फडातच ओकाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा कुठं दवाखाना दिसला. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, हर्निया आहे, आतून जाळी बसवावी लागेल. आणि जाळी बसवल्यावर तीन महिने पाण्याची घागरसुद्धा उचलायची नाही. उचलली तर जाळी सुटेल, आणि मग आतडं अडकलं तर माणूस दवाखान्यापर्यंत पोचेलच असं नाही.

तीन महिने. आणि ऊसतोडीची टोळी दसरा झाला की निघणार होती.

ताराबाईचा जीव त्या तीन महिन्यांत अडकला होता. तिला लेक आपल्या घरी न्यायची होती. घरी म्हणजे दोन खणांच्या घरात, पण तिथं कालिंदाला कुणी पाणी आण म्हणणार नव्हतं. अडचण एकच होती. ऊसतोडीला माणूस एकटं जात नाही, नवरा-बायको मिळून जातात. दोघांचा मिळून एक कोयता धरतात. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीत टाकायच्या. बायको गावी राहिली तर नवरा अर्धाच कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला फडात किंमत नसते. कालिंदाच्या नवऱ्यानं, अभिमन्यूनं, मुकादमाकडून हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली होती ती पुऱ्या कोयत्यावर. जावई मनानं वाईट नव्हता. पण ताराबाईनं विषय काढला, की तो मान खाजवत म्हणायचा, "मामी, मुकादम बघून काय म्हणतेत ते म्हणतेत. त्यांनी हो म्हणलं तर मी कशाला आडवतोय?"

मुकादम, म्हणजे टोळी जमवून नेणारा, शहादेव. त्याची एक पद्धत होती आणि ती अख्ख्या टोळीला ठाऊक होती. आजाराचं कारण कुणी सांगून पाठवलं तर तो मानायचा नाही. डॉक्टरचा कागदही मानायचा नाही. "कागदाला काय कळ येती व्हय?" असं म्हणायचा. तो स्वतः जाऊन आजाऱ्याला बघायचा. नारळ नाहीतर केळी घेऊन जायचा, उशाला बसायचा, कपाळाला हात लावायचा आणि ऐकायचा. माणूस किती कण्हतो, कसं कण्हतो, बोलता बोलता कण्हायचं विसरतो का. एका साली टोळीतल्या एका बाईची गर्भाची पिशवी काढली होती; ती अशी ओरडत होती की शहादेव नारळ तसाच हातात घेऊन बाहेर आला, म्हणाला, "निजू द्या तिला," आणि त्या वर्षी तिला सोडलं. पुन्हा उचलीचा शब्दही काढला नाही. तेव्हापासून लोक म्हणायचे, मुकादम कडक आहे पण खऱ्या दुखण्याला मानतो.

ताराबाईचाही त्याच्यावर विश्वास होता, तो तेवढ्यापुरता. पोट फाडलेली बाई आहे, बघेल, ऐकेल, सोडेल. तिनं मनाशी तसंच धरलं होतं.

ऑपरेशन ठीक झालं. कालिंदाला खाटेवर आणलं तेव्हा तिचे पाय लाकडासारखे होते. ताराबाई उशाशी बसली आणि दुपार कलायची वाट बघू लागली, म्हणजे कळांची. नर्सबाईकडून तिनं एक जुना टॉवेल मागून घेतला होता, लेकीच्या दातांत द्यायला. ऊन खिडकीतून खाली सरकलं. कालिंदाच्या पायांत मुंग्या आल्या, मग अंगठा हलला, मग गुडघा. आता येईल, आता येईल, असं म्हणत ताराबाई टॉवेलाची घडी करत राहिली.

"माय," कालिंदा म्हणाली.

"काय गं? आली का?"

"भूक लागली."

ताराबाई तिच्याकडं बघतच राहिली. "पोटात कसं वाटतंय?"

"कायच न्हाई वाटत. जड जड लागतंय. जशी काय दुसऱ्याची परात माझ्या पोटावर ठिवलीय." कालिंदानं पट्टीवरून हात फिरवला. "खरंच कापलंय का गं?"

ताराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, की वाईट व्हायची वाट बघत बसावं आणि ते यावंच नाही. तिनं नर्सबाईला विचारून लेकीला चहा पाजला. थोड्या वेळानं दोन उशा लावून टेकवून बसवलं. कालिंदाच्या केसांत तेल घालून वेणी घातली. मायलेकी बोलत बसल्या. कुणाची सून कशी, आरोहीला शाळेत बाईंनी काय म्हटलं, असल्याच गोष्टी. आनंदात माणसाची अक्कल जराशी गावाला जाते. ताराबाईची गेली. मुकादम या खोलीत यायचा आहे, हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

आणि शहादेव कधी येणार ते सांगून येत नसे. दिवेलागण व्हायच्या आत तो दारात उभा राहिला. पांढरा सदरा, हातात केळ्यांचा घड. मागं अभिमन्यू, त्याच्या मागं भिंतीला धरून सत्यभामा.

"काय ताराबाई," शहादेव म्हणाला, "पेशंट कुठाय? ही तर नवरी बसलीया."

ताराबाईच्या हातातला कंगवा थांबला. वेणी घातलेली, कुंकू लावलेलं, चहाची कपबशी हातात. तिनं झटकन उशी ओढायला हात घातला, पण काय ओढणार? शहादेव केळी ठेवायला वळला तेवढ्यात ती लेकीच्या कानाशी वाकली.

"कण्ह."

"आं?"

"कण्ह म्हणते ना."

"कावून? दुखत न्हाई तर."

"नसलं दुखत तरी कण्ह, भवाने!"

ताराबाईनं मान वर केली तेव्हा सत्यभामा तिच्याकडंच बघत होती. पदर सावरून स्टुलावर बसली.

शहादेव उशाला बसला. कपाळाला हात लावला. "ताप न्हाई," म्हणाला. मग नेहमीसारखा गप्प बसला, ऐकायला. कालिंदानं आईकडं पाहिलं. बिचारीनं डोळे मिटले, तोंड वेडंवाकडं केलं आणि "आय आय गं" असा एक आवाज काढला. तो आवाज इतका खोटा होता, की ताराबाईलाच शरम वाटली. लहानपणी शाळा चुकवायलासुद्धा या पोरीला नाटक जमलं नव्हतं.

"लई दुखतंय का पोरी?" शहादेवानं विचारलं.

"दुखतंय की. म्हंजी, दुखंल."

खोलीत जरा अवघडल्यासारखं झालं. आणि अभिमन्यूला अवघडलेपण सोसायचं नाही. कुठं मयतीला गेला तरी हा काहीतरी बोलून माणसं हलकी करायचा. तो खाटेच्या पायथ्याशी टेकला आणि म्हणाला, "मुकादम, आमच्या आरोहीनं आज काय केलं म्हाईत हाय का? म्या सांगितलं, आईच्या पोटात जाळी बसवलीया. तर पोरगी इचारती कशी, बाबा, आईच्या पोटात उंदीर शिरत व्हते का?"

झालं होतं असं, की पाऊसकाळात कणगीशेजारच्या खिडकीला अभिमन्यूनं उंदरांसाठी जाळी ठोकली होती. पोरीला जाळी म्हणजे तेवढीच ठाऊक.

कालिंदा फुटली. ओठ दाबून बघितले, मग पदर तोंडाला लावला, पण हसू आत राहिना. ती खदखदून हसली. खांदे हलले, पोट हललं, डोळ्यांतून पाणी आलं. "आन् मांजर सोडायची म्हणाली का न्हाई?" असं म्हणून पुन्हा हसली. अभिमन्यू हसला, स्टुलावरची सत्यभामाही हसली. बायकोला हसवता आलं म्हणून अभिमन्यूचा चेहरा उजळला होता.

ताराबाई तेवढी हसली नाही. आणि शहादेव. तो पट्टीकडं बघत होता. एवढं हसून पट्टीवर डाग नाही, चेहऱ्यावर कळ नाही.

"हसली," तो म्हणाला. चांगल्या मनानं म्हणाला. "पोट कापलेलं माणूस हसत न्हाई. हसली म्हंजी आत धड हाय. बरं झालं, पोरी. माझ्या जीवाला घोर लागलता."

तेवढ्यात जावेद डॉक्टर आले. पिशवी खांद्याला होती. पुढच्या गावी निघाले होते, जाता जाता डोकावले. कालिंदाचे डोळे अजून ओले होते. डॉक्टरांनी ते पाहिलं, आणि कारण कळल्यावर त्यांचा चेहरा असा फुलला, जसा एखाद्या मिस्त्रीचा बंद पडलेलं इंजिन पहिल्या किकला सुरू झाल्यावर फुलतो.

"हसलात? पोट धरून हसलात? वा!" ते सगळ्यांना म्हणाले. "बघा, एरवी अशा ऑपरेशननंतर माणूस पहिल्या दिवशी कूसही बदलत नाही."

"ऐकलं का?" शहादेव अभिमन्यूला म्हणाला. "डॉक्टर काय म्हणत्यात."

ताराबाई उठून उभी राहिली. "साहेब, तुमी ह्यांना नीट सांगा. ते सुईचं सांगा. सुईमुळं दुखत न्हाई तिला."

डॉक्टरांनी खोलीतल्या तोंडांकडं पाहिलं. आपण कशात पाय टाकला ते त्यांना एकदम उमगलं नसावं, पण काहीतरी उमगलं. ते सावकाश सांगू लागले. नसा झोपवल्यात, जखम तशीच आहे. उद्या नसा उठतील, मग दुखेल. दुखलं नाही म्हणजे बरं झालं असं नाही. जाळी मांसात रुजायला वेळ लागतो. तीन महिने वजन उचलायचं नाही म्हणजे नाही.

शहादेवानं सगळं ऐकून घेतलं. शिकलेल्या माणसाचं तो मन लावून ऐकायचा.

"म्हंजी साहेब, आज दुखत न्हाई ते खोटं, आन् उद्या दुखंल ते खरं?"

"दोन्ही खरं आहे."

"दोन्ही खरं कसं आसंल? मला तर एकच दिसतंय." मग त्यानं मान तिरकी करून विचारलं, "ही सुई टिकती किती?"

"उद्या सकाळपर्यंत."

"हात्तिच्या! हंगामभर टिकंल आशी निघाली की कळवा. टोळीला एक खोकंच घेऊन ठिवतो. माझी निम्मी माणसं पाठ धरून बसत्यात."

अभिमन्यू हसला. कालिंदालाही हसू आलं, तिनं ते लपवलंही नाही. जावेद डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी पिशवीचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला. "मी लिहून देतो, वजन उचलायचं नाही म्हणून," ते ताराबाईला म्हणाले. ताराबाईनं मान हलवली. कागदाचा मुकादमापुढं किती उपयोग होतो हे तिला ठाऊक होतं.

निघताना शहादेव दारात वळला. "दसऱ्याला अजून येळ हाय, ताराबाई. तवर चांगली खिलवा पोरीला. काय?"

रात्र बरी गेली. कळ आली ती उजाडताना. आधी कालिंदा झोपेत भुवया आवळू लागली, मग तिनं डोळे उघडले आणि छताकडं बघत म्हणाली, "माय, आलं वाटतं." पुढं तिला बोलता आलं नाही. नर्सबाईनं इंजेक्शन टोचलं, गोळी दिली. पण झोपलेल्या नसा एकदम उठल्या होत्या आणि राहिलेला हिशेब चुकता करत होत्या. कपाळावर घाम, बोटं खाटेच्या लोखंडाला घट्ट. कालचा टॉवेल ताराबाईनं तिच्या दातांत दिला. कालिंदा कण्हत होती. हळू, खोल, दर श्वासाला. कालच्या त्या आवाजात आणि या आवाजात आंधळ्याला फरक कळला असता.

चहाची किटली घेऊन अभिमन्यू आत आला आणि दारातच थबकला. क्षणभर तो घाबरला, हे ताराबाईनं पाहिलं. मग त्याच्या तोंडावर दुसरंच काही आलं. सत्यभामेनं रात्री घरी सगळं सांगितलं असणार.

"मामी," तो म्हणाला, "राहू द्या आता. मुकादम गेले. आता कुणाला ऐकवायचंय?"

"पाव्हणं, हात लावून बघा तिच्या कपाळाला."

"काल तुमी कानात सांगितलं ते माझ्या मायनं बघितलंय. मी काय म्हणलो का तुमाला? लेक हाय, माया आसती." आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. "पर आता काल हसली ती खरी धरू का आज रडती ही?"

दोन्ही खरं, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि डॉक्टरांचंही कुणी ऐकलं नव्हतं. सुई मागितली आपण. कण्ह म्हणालो आपण. एकानं लेकीचं दुखणं पुसलं, दुसऱ्यानं उरलेलं खोटं पाडलं. कुणाच्या नावानं बोटं मोडायची?

"फोन लावा," ती म्हणाली.

"कुणाला?"

"मुकादमाला. त्यांचा कानावर इस्वास हाय ना? ऐकू द्या."

अभिमन्यूनं जरा आढेवेढे घेतले, पण सासूचा शब्द मोडणं त्याच्यानं झालं नाही. फोन लागला. ताराबाईनं तो त्याच्या हातातून घेतला आणि कालिंदाच्या तोंडाशी धरला.

"हॅलो?" शहादेवाचा आवाज आला. "कोण हाय? अभिमन्या?"

कालिंदानं फोनकडं पाहिलं. मग आईकडं, मग नवऱ्याकडं. आणि तिनं टॉवेल दातांत घट्ट धरून श्वास कोंडला. गळ्याच्या शिरा टरारल्या, डोळ्यांतून पाणी कानांत ओघळलं, पण आवाज नाही.

"कण्ह गं," ताराबाई म्हणाली. आता तिला कुणाची लाज राहिली नव्हती. "आता तर खरं हाय. कण्ह."

कालिंदानं मान हलवली.

"हॅलो? बोल की बे, कोण हाय?"

कालिंदानं तोंडातला टॉवेल काढला. एकेक शब्द दोन श्वासांत तोडत ती आईला म्हणाली, "मी न्हाई... कण्हणार. फोनात कण्हून दावायला... मी काय ढोर हाय? दात बघून... घ्यायला?"

ताराबाईला एकाच वेळी लेकीचं मुस्काट फोडावंसं वाटलं आणि तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. फोनमध्ये शहादेव हॅलो हॅलो करत होता. तो आता ठेवणार, आणि ठेवला की पुन्हा बोलायचं काही उरणार नाही. ताराबाईनं फोन स्वतःच्या कानाला लावला.

"मुकादम, मी ताराबाई. कालिंदा येईल टोळीत. नुसती तोडील. मोळ्या ती उचलणार न्हाई. मोळ्या मी उचलीन."

"तुमी? मानेचं हाड सरकलं म्हणून तुमी सोडलंत ना काम?"

"बसलंय आता ते जाग्यावर."

मग शहादेव म्हणाला, "हे बघा, कोयता एकच धरीन. माणसं तीन आली म्हणून दीड न्हाई धरणार."

"एकच धरा."

"आन् जावयाच्या कोपीत सासू, लोकं बोलत्यात. ते तुमचं तुमी बघा."

"बघते."

फोन अभिमन्यूकडं देताना तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं नाही. तो खाली बघत उभा होता. सासू-जावयानं फडावरच्या पाचटाच्या झोपडीत एका छपराखाली निजायचं, हे त्याच्या गावात आजवर कुणी केलं नव्हतं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मामी, तुमाला कोपीत मधी ताडपत्री बांधून देईन," आणि चहा कपात ओतायला लागला. अर्धा चहा बशीत सांडला.

"कुणी सांगितलं व्हतं तुला?" कालिंदानं डोळे मिटून विचारलं.

"तू गप पड."

"मान मोडून घेशील."

"माझी मान हाय."

फोन बंद झाला होता, म्हणून आता कालिंदा मोकळेपणानं कण्हू लागली.

उन्हं वर आली तेव्हा जावेद डॉक्टर आले. आज दुसरं ऑपरेशन होतं. शेजारच्या खोलीत एका बाईच्या पोटातला खडा काढायचा होता. त्यांनी कालिंदाची नाडी पाहिली, नर्सबाईला औषध वाढवायला सांगितलं. मग ताराबाईला बाहेर व्हरांड्यात बोलावून हळूच विचारलं, "काय ठरलं मावशी?"

ताराबाईनं सांगितलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मी चुकलो का?" त्यांनी विचारलं. तिला विचारलं की स्वतःला, कळलं नाही. "त्या बाईंना देऊ की नको, असं आता मला..."

ताराबाईला त्या पोराची कीव आली, आणि रागही आला. काल संध्याकाळी, रात्रभर, तिला किती बरं वाटलं होतं! लेक जेवली होती, झोपली होती. ते त्यानं दिलं होतं. आजवर कुणीच दिलं नव्हतं.

"द्या की," ती म्हणाली. "सुई चांगली हाय तुमची. फक्त बघायला येणारी माणसं येऊन गेल्यावर द्या."

"मावशी, ते तसं होत नाही. टेबलावरच द्यावं लागतं, कळ सुरू व्हायच्या आधी..."

"मंग न्हाई होत," ताराबाई म्हणाली.

आतून नर्सबाईनं हाक मारली, पेशंट घेतलाय म्हणून. डॉक्टर गेले. ताराबाई खोलीत आली. रात्रीची पांघरुणं धुवायला गावाकडं न्यायची होती. तिनं दोन चादरी, वाकळ, कालिंदाचं लुगडं, सगळं एकात बांधून गाठोडं केलं आणि अभिमन्यू हात पुढं करायच्या आत ते उचलून डोक्यावर घेतलं. मानेतून एक तिडीक खांद्यात उतरली, तिथून दंडात. जावई बघत होता, लेक बघत होती. ताराबाईनं गाठोडं जरा डावीकडं सरकवलं, चेहरा सरळ ठेवला, आणि बस स्टँडचा रस्ता धरला.